बोर्डिंगची चूल



जून उजाडला की गटाच्या बैठकीत कर्जाच्या मागण्या वाढतात. बियाणं-खत तर दरवर्षीचंच. पण गेल्या काही वर्षांत आणखी एक कारण पुढं यायला लागलंय: पोराला तालुक्याला खोली घ्यायची आहे, पोरीच्या होस्टेलचं डिपॉझिट भरायचंय, मेसचे पैसे आगाऊ मागतायत. शाळेची फी एक वेळ निघते. पण मूल घराबाहेर पडलं की ते राहणार कुठं आणि दोन वेळ जेवणार काय, इथं येऊन सगळ्यांचं गणित अडतं.

आज आम्ही या अडलेल्या गणिताचा इतिहास सांगणार आहोत. हे आजचं नाही. आपल्या मुलखात शाळा-कॉलेजं सुरू झाली तेव्हापासूनचं आहे. इतिहासाच्या पुस्तकात शिकून मोठे झालेल्यांची नावं असतात, शाळा काढणाऱ्यांचीही असतात. त्यांच्यासाठी भाकरी कोण थापत होतं, हे फार तर एका ओळीत उरकलेलं असतं. त्या एका ओळीवर आम्ही थोडं जास्त थांबणार आहोत.

आधी जुनी रीत सांगतो. पूर्वी पुण्यासारख्या गावात गरीब ब्राह्मणाचा मुलगा शिकायला आला की त्याच्यापुढं दोन वाटा असत. एक माधुकरी. हातात झोळी घेऊन घरोघर शिजवलेलं अन्न मागायचं. दुसरी वार लावून जेवण्याची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार सात घरी. खोली कुणाच्या तरी वाड्यात जिन्याखाली. असं राहून पुष्कळ मुलं शिकली, मोठ्या हुद्द्यावर गेली. पुढं त्यांनी आठवणी लिहिल्या, त्यात कुठल्या घरी पानात काय पडायचं आणि कुठं बोलणी खावी लागायची हेही आलं. ज्यांच्या घरी वार होता त्या बाईला मात्र ठरलेल्या दिवशी एक पान जास्त वाढायचंच होतं, घरात धान्य असो नसो.

पण ही सोय कुणासाठी होती ते बघा. कुणब्याच्या पोराला कोण वार देणार? महाराच्या, मांगाच्या पोराला तर वाड्याच्या दारातही उभं करत नसत. आणि मुलगी असेल तर जात कुठलीही असो, तिला वार लावून शिकू देणारं घर नव्हतंच. म्हणजे अन्नाची सोय होती, पण ती जातीनं आणि उंबरठ्यानं बांधलेली. जोतीराव-सावित्रीबाईंच्या घरी मात्र बाहेरगावची मुलं शिकायला येऊन राहत आणि त्यांचं जेवणखाण सावित्रीबाई आईच्या मायेनं बघत, असं त्या घरात वावरलेल्यांनी लिहून ठेवलंय. सावित्रीबाईंना आपण पहिली शिक्षिका म्हणून ओळखतो. त्याच घरात परगावच्या पोरांची चूलही त्याच सांभाळत होत्या, हे जयंतीच्या भाषणात फारसं येत नाही.

आता थोडं कोकणात जाऊ. मुरूडचे धोंडो केशव कर्वे, पुढं ज्यांना सगळा देश महर्षी म्हणू लागला, ते सतरा वर्षांचे असताना सरकारी परीक्षेसाठी साताऱ्याला निघाले. गाडीभाड्याला पैसे कुठले? कुंभार्ली घाट चढून, शंभर मैलांहून जास्त वाट पायी तुडवत ते पोचले. परीक्षा घेणाऱ्यानं त्यांच्याकडं बघितलं आणि सांगितलं, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस. झालं, परीक्षेला बसूच दिलं नाही. तसेच मागं फिरले.

पुढं मुंबईत शिकताना खर्च परवडेना म्हणून कर्वे आणि त्यांचे मित्र नरहरपंत जोशी एकाच बिऱ्हाडात राहिले. दोन घरांचं भाडं आणि दोन घरांचं सरपण एकात भागवायचं, अशी ती युक्ती. नरहरपंतांची बालविधवा बहीण गोदूबाई त्या बिऱ्हाडात स्वयंपाकपाणी बघायला आली. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा तिथं शिकायला आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी हीच गोदूबाई. वय विशी ओलांडलेलं. शारदा सदनाचं महत्त्व आम्हाला असं वाटतं की तिथं शाळा आणि राहणं एका छपराखाली होतं. विधवा मुलीला नुसती शाळा काढून काय उपयोग? ती संध्याकाळी परत जाणार कुठं?

१८९३ मध्ये गोदूबाईंचं आणि कर्व्यांचं लग्न झालं. विधवेशी लग्न केलं म्हणून मुरूड गावानं कर्व्यांवर बहिष्कार घातला. या आनंदीबाईंना सगळे बाया कर्वे म्हणत. कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. पुण्यात प्लेग आल्यावर तो गावाबाहेर हिंगण्याला हलला. तिथली पहिली झोपडी सुमारे ५०० रुपयांत उभी राहिली. दिवसभर फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचं, संध्याकाळी आश्रमाला लागणारं सामान पाठीवर घेऊन चिखलातून हिंगण्याला चालत जायचं, असा कर्व्यांचा क्रम कित्येक दिवस होता. पगारातला पैसा आश्रमाकडं वळायचा. आयुष्यभराची पुंजी दिली, विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाच्या नावे करून टाकली.

हे ऐकून आपण हात जोडतो. जोडावेतच. पण मैत्रिणींनो, ज्या घराचा पैसा आश्रमात जात होता, त्या घरातही पोरंबाळं होती आणि त्यांना रोज जेवायला लागत होतं. बायांनी आपली जीवनकहाणी सांगितली, तिचं नाव ‘माझे पुराण’. नवरा महात्मा असला की घरात पीठमीठ कसं पुरवायचं, याची ओढाताण त्यांनी लपवलेली नाही. आम्हाला ते पुस्तक त्यामुळंच जवळचं वाटतं. कुणा गटाला सामुदायिक वाचनासाठी पुस्तक हवं असेल तर हे घ्या.

आता घाटावर येऊ, आपल्या साताऱ्यात.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी बोर्डिंगं काढली. मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या समाजाची मुलं, सगळ्यांसाठी. खेड्यातल्या पोराला शहरात अन्न आणि आसरा दिला नाही तर शाळा फुकट असूनही उपयोग नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. जैन बोर्डिंगात एक मुलगा होता, कुंभोजचा भाऊराव पायगोंडा पाटील. अस्पृश्य मुलांच्या बोर्डिंगच्या कार्यक्रमाला गेला आणि परत आल्यावर आंघोळ करायला नाही म्हणाला, म्हणून त्याला बोर्डिंग सोडावं लागलं, असं सांगतात. जातवार बोर्डिंगांची कुंपणं त्यानं अशी आतून बघितली.

हेच भाऊराव मोठेपणी ओगल्यांचे कंदील, किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडले. हिंडताना त्यांनी काय पाहिलं? शाळेची हुशारी असलेली पोरं, पण घरात शिदोरी नाही. ४ ऑक्टोबर १९१९ ला कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली आणि बोर्डिंग सुरू झालं, सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र. एका पंगतीत मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान. हे आज वाचताना साधं वाटतं. त्या काळी गावोगाव यावरून वैर झालं असतं.

१९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्याला आले, त्यांच्या हस्ते या बोर्डिंगाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नाव दिलं गेलं. ही तारीख पुस्तकांत ठळक असते. आम्हाला मात्र त्याच्या आधीच्या तीन वर्षांबद्दल बोलायचंय, कारण त्या वर्षांत बोर्डिंगच्या चुलीपुढं होत्या लक्ष्मीबाई, भाऊरावांच्या पत्नी.

लक्ष्मीबाई कुंभोजच्याच, खात्यापित्या जैन पाटलांच्या घरातल्या. सोवळंओवळं पाळणाऱ्या घरात वाढलेल्या. अशा बाईच्या स्वयंपाकघरात नवऱ्यानं एके दिवशी सगळ्या जातींची पोरं आणून बसवली. भाऊरावांनी जात मोडली असं आपण म्हणतो. पण ती ठरावानं मोडत नाही, ती मोडते ताटात वाढताना, उष्टी काढताना, आजारी पोराचं डोकं मांडीवर घेताना. हे काम त्या घरात लक्ष्मीबाईंनी केलं.

आणि कामाचं माप तरी घ्या. आपण बायका आहोत, आपल्याला भाकरीचा हिशोब कळतो. समजा तीसच पोरं धरली. वाढीच्या वयाची पोरं, एका वेळेला दोन भाकरी ही कमीच. दोन वेळच्या मिळून एकशे वीस भाकऱ्या रोज. तेवढं पीठ, तेवढं सरपण, तेवढं पाणी, वर कोरड्यास. पाहुणे आले, भाऊरावांना भेटायला माणसं आली, ती वेगळी. स्वतःची लेकरं त्याच पंगतीत. हा हिशोब आमचा अंदाजाचा आहे, कुठल्या वहीत सापडलेला नाही. अशा वह्या कुणी ठेवतच नाही.

पैसा कमी पडायचा. भाऊराव वर्गणीसाठी बाहेर फिरतीवर, आणि इकडं कोठीत धान्य संपलेलं. अशा वेळी लक्ष्मीबाईंनी एकेक करून अंगावरचे दागिने काढून दिले. शेवटी एकदा पोरांना जेवायला घालायला काहीच उरलं नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातलं मंगळसूत्रही दिलं. साताऱ्याकडं ही गोष्ट लहान पोरालाही ठाऊक आहे. शाळेच्या कार्यक्रमात ती सांगितली की बायका डोळ्याला पदर लावतात.

आम्हालाही ती गोष्ट हलवते, पण त्यागाची कथा म्हणून तिथंच थांबायला आम्हाला आवडत नाही. सोनं म्हणजे बाईची स्वतःची ठेव. जमीन नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या नावावर, तिच्या हक्काचं म्हणावं असं एवढंच. रयत शिक्षण संस्थेकडं पहिल्या वर्षांत बँक नव्हती, सरकारी अनुदानाचा भरवसा नव्हता. अडीअडचणीला जो राखीव निधी होता तो लक्ष्मीबाईंच्या अंगावर होता. म्हणून आमच्या मते त्यांना नुसतं माउली म्हणणं पुरेसं नाही. संस्थेला भांडवल देणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव वरच्या ओळीत बसतं.

दुसरी गोष्टही बोलायलाच हवी. लक्ष्मीबाई १९३० मध्ये गेल्या. चाळिशीसुद्धा गाठली नाही. पुढं संस्थेचा वटवृक्ष झाला, शेकडो शाळा निघाल्या, भाऊरावांना लोकांनी कर्मवीर केलं, १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. यातलं काहीच त्यांना बघायला मिळालं नाही. एका बाईच्या अंगावर इतकं ओझं टाकून काम उभं राहिलं, ही त्या काळाची किंमत होती. तिचं कौतुक करताना आपल्या सुनेकडून, लेकीकडून तीच अपेक्षा करू नये, एवढं आम्ही आमच्या गटात स्पष्ट बोललो आहोत. त्यावर आमच्यात एकमत झालेलं नाही, हेही सांगतो. काही जणी म्हणाल्या, त्याशिवाय काही उभं राहतच नाही.

आता त्या बोर्डिंगांत पुढं काय घडलं ते ऐका, कारण खरी अक्कल तिथं आहे. खर्च भागवण्याचे दोन मार्ग रयतमध्ये रुजले.

पहिला मार्ग मूठ. मुष्टी फंड म्हणत. घरातल्या बाईनं रोज स्वयंपाकाला धान्य काढताना त्यातली एक मूठ बाजूला ठेवायची, आणि बोर्डिंगची मुलं येऊन ते जमलेलं धान्य घेऊन जायची. यात बायकांचा शहाणपणा बघा. पैशाची वर्गणी द्यायची तर कारभाऱ्याला विचारायला लागतं. मुठीला कोण विचारतो? कणगीतून रोज एक मूठ गेली तर मापात दिसत नाही, घरचं कुणी उपाशी राहत नाही, आणि महिन्याकाठी गावातून पोती भरतात. आपण दर महिन्याला गटात शंभर-दोनशे टाकतो, त्याची ही आजी म्हणायला हरकत नाही. फरक इतकाच की मूठ देणारीचं नाव कुठल्या पासबुकात नव्हतं.

दुसरा मार्ग श्रमाचा. बोर्डिंगात नोकरचाकर नव्हते. स्वयंपाक, भांडी, झाडलोट, पाणी भरणं, कपडे धुणं, सगळं पोरंच आळीपाळीनं करायची. शेतात राबायची, बांधकामावर दगड-माती वाहायची. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. तिथं ‘कमवा आणि शिका’ योजना चालली, अंगमेहनत करून शिक्षणाचा खर्च भागवायचा. पाटलाचा पोर आणि बलुतेदाराचा पोर एकाच खाणीत घाम गाळतायत, हे लोकांनी डोळ्यांनी बघितलं. या योजनेतून शिकलेले कितीतरी जण पुढं प्राध्यापक झाले, अधिकारी झाले. आम्हाला त्यातली एक बाजू फार मोलाची वाटते. घरी ज्यानं कधी पाण्याचा तांब्या स्वतः घेतला नाही, तो मुलगा बोर्डिंगात पीठ मळायला शिकला. लक्ष्मीबाईंच्या एकटीच्या अंगावर होतं ते काम शंभर हातांत वाटलं गेलं. पुरुषांनी चूल सांभाळली म्हणून कुणाची पुरुषकी कमी झाली नाही. गरिबी होती म्हणून का होईना, हे घडलं. सुट्टीला घरी आल्यावर त्यातले किती जण आईला भाकरी थापू लागले, ते ज्यानं त्यानं आपल्या घरी विचारावं.

यात मुली कुठं होत्या? सुरुवातीच्या बोर्डिंगांत नव्हत्या. पुढं चाळीसच्या दशकात शिक्षिका घडवण्यासाठी साताऱ्यात जिजामाता प्रशिक्षण विद्यालय निघालं आणि खेड्यातल्या बायका, त्यात विधवा आणि टाकलेल्याही, शिकून मास्तरीण झाल्या. तरी मुलांच्या मानानं मुलींच्या राहण्याची सोय मागंच राहिली, ती आजवर पूर्ण भरून निघालेली नाही.

याच काळातलं आणखी एक घर मुंबईत होतं. परळच्या बीआयटी चाळीत, दोन छोट्या खोल्यांचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० मध्ये अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला गेले. प्राध्यापकीच्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून ५,००० रुपयांचं कर्ज, एवढी शिदोरी. लंडनमध्ये पोटभर जेवण परवडत नव्हतं. रात्री अभ्यासात भूक लागली की ओळखीतून मिळालेले पापड भाजून खायचे. हे पापड आता पुष्कळांना माहीत आहेत.

इकडं चाळीत रमाबाई होत्या. दापोलीजवळच्या वणंद गावच्या. घरात जाऊबाई, पुतण्या, पोरं. नवऱ्यानं मागं ठेवलेल्या तुटपुंज्या पैशात सगळं भागवायचं. शेण गोळा करून गोवऱ्या थापायच्या, हे तर आपल्याकडं गाण्यांतून, भाषणांतून पोचलंय. पाच लेकरांपैकी चार गेली, एकटा यशवंत जगला. एकीकडं लंडनच्या ग्रंथालयात पान उलटतंय, दुसरीकडं चाळीत औषधाला पैसे नाहीत. एका घरात एका माणसाचं शिक्षण किती जणांच्या पोटातून जातं, ते इथं दिसतं. १९३५ मध्ये रमाबाई गेल्या. १९४० मध्ये बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरचं पुस्तक रामूच्या स्मृतीला अर्पण केलं. घरात ते त्यांना रामू म्हणत. जगातले मोठे मोठे लोक ते पुस्तक उघडतात, तेव्हा पहिल्यांदा त्यांना तिचं नाव दिसतं.

मुंबईचा विषय निघालाच आहे तर गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना विसरता येणार नाही. कोकण-घाटावरून गेलेले गिरणी कामगार एका गाळ्यात दाटीवाटीनं पाळीपाळीनं झोपायचे आणि महिन्याच्या बोलीवर खाणावळीत जेवायचे. दिवसा काम आणि रात्रशाळेत अभ्यास करणारी तरुण पोरंही याच ताटावर जगली. पगार झाल्याशिवाय पैसे मिळायचे नाहीत, तोवर या बाईनं वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज सोसायचं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना एकत्र केलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तोवर त्यांच्या धंद्याला कुणी धंदा म्हणत नव्हतं.

आता आजचं. मुलींना बारावीपर्यंत फी नाही. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना इंजिनीअरिंग, मेडिकलसारख्या व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी फी राज्य सरकारनं माफ केली आहे. चांगलंच झालं. पण खोलीभाडं आणि जेवण फीत धरलेलं नसतं. शाहू महाराजांनी ज्या जागी बोट ठेवलं होतं ती जागा अजून दुखतेच. त्यासाठी काही योजना आहेत: अनुसूचित जातीच्या मुलांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, नोंदणीकृत मजूर आणि अल्पभूधारकांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, शिवाय समाजकल्याण आणि आदिवासी विभागाची सरकारी वसतिगृहं. अर्जाच्या तारखा निकालानंतर लगेच येतात आणि उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला याविना अर्ज पुढं सरकत नाही. म्हणून दाखले मे महिन्यातच काढून ठेवा. भत्ता खात्यावर पडायला महिने लागतात हेही धरून चाला. मधले महिने मेसवाली थांबत नाही.

त्या मधल्या महिन्यांसाठी गटाचं कर्ज आहे. रयतमध्ये लक्ष्मीबाईंच्या नावानं शिक्षणोत्तेजक पतपेढी निघाली, गरजू मुलांना शिक्षणासाठी कर्ज द्यायला. जिच्या दागिन्यांवर बोर्डिंग चाललं तिच्याच नावानं. आपल्या गटांत मात्र आम्ही बघितलं की होस्टेलसाठी घेतलेलं कर्ज वहीत ‘घरखर्च’ म्हणून लिहितात. या वर्षीपासून आमच्या गटात कारणाच्या रकान्यात ‘शिक्षण – राहणं व जेवण’ असं लिहायला सुरुवात केली आहे. कर्ज घेणाऱ्या बाईचं पूर्ण नाव आणि कुणाच्या शिक्षणासाठी, तेही. फेडीचे हप्ते सुगीनंतर ठेवलेत, कारण पावसाळ्यात कुणाच्याच हातात पैसा नसतो.

आणि एक काम तुम्हा सगळ्यांना. तुमच्या घरातला, भावकीतला पहिला शिकलेला माणूस आठवा. तो परगावी कुणाकडं राहिला, त्याला कुणी जेवू घातलं, डबा कुठल्या एसटीनं कोण पाठवायचं, कुणाची बुगडी गहाण पडली, ते आजीला, आत्याला विचारून ठेवा. बाई हयात असेल तर तिच्याच तोंडून ऐकायचंय. दर गुरुवारी दुपारी आमच्या केंद्रावर ध्वनिमुद्रणाची सोय आहे. ज्यांना येणं जमणार नाही त्यांच्या गावी आम्ही मशीन घेऊन येऊ, गटाच्या सचिवांकडं नाव देऊन ठेवा.